फाडू नकोस

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "आई, तिसऱ्या प्रमेयाची सिद्धताच चुकलीय, मी सगळं फाडून टाकणार आहे." तेव्हा मला धड काही सुचलं नाही. आज सावकाश लिहिते आहे.

स्टॉकहोमजवळ यूर्शहोल्मला मिटाग-लेफ्लर या स्वीडिश गणितज्ञाचं घर आहे. आता ती गणिताची संशोधन संस्था आहे. 1882 मध्ये त्यांनी 'अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका' हे नियतकालिक सुरू केलं आणि 1927 मध्ये जाईपर्यंत सांभाळलं. आलेली पत्रं तर त्यांनी जपलीच, पण स्वतः पाठवलेल्या पत्रांच्या नकलाही ठेवल्या.

स्वीडनचा राजा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसाला, जानेवारी 1889 मध्ये, आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाला निबंधस्पर्धेचं बक्षीस जाहीर झालं. सूर्य, पृथ्वी, चंद्र अशा तीन गोलांच्या गतीवरचा निबंध होता. वायरश्ट्रास आणि एर्मीतसारखे मोठे गणितज्ञ परीक्षक. निबंध 'अ‍ॅक्टा'साठी छापायला घेतला आणि संपादनाच्या कामात असलेला पंचविशीतला फ्राग्मेन काही ठिकाणी अडला. त्याने विचारलं. त्या शंकांची उत्तरं शोधताना प्वांकारेंना दुसरीकडेच मोठी चूक सापडली. अंक छापून झाला होता, काही प्रती बाहेर गेल्या होत्या! मिटाग-लेफ्लर यांनी त्या गुपचूप परत मागवल्या आणि छपाईचा खर्च प्वांकारेंवर घातला. बक्षीस अडीच हजार क्रोनरचं, भरले साडेतीन हजारांच्या वर. ती लपवाछपवी मला आजही पटत नाही. पण 1890 मध्ये आलेल्या दुरुस्त निबंधात, ती चूक निस्तरतानाच, प्वांकारेंना ते गुंतागुंतीचं वागणं दिसलं होतं ज्याला आपण आज 'केऑस' म्हणतो, म्हणजे सुरुवातीच्या जराशा फरकाने पुढचं सगळं बदलून जाणं.

आणि सोनू, सगळ्या प्रती नष्ट केल्या तरी एक उरली. 1985 च्या सुमारास ती त्याच संस्थेत सापडली. तिच्यावर स्वीडिश भाषेत लिहिलंय, सगळी आवृत्ती नष्ट केली, आणि खाली सही, एम. एल. लपवणाऱ्या माणसानेच ती ठेवली होती. म्हणून तर आज कळतं की प्वांकारे नेमके कुठे घसरले आणि कुठून सावरले.

मी एम.एस्सी.च्या वह्या लग्नानंतर रद्दीत दिल्या. खोडलेली पानं बघवत नव्हती. आज त्यातलं एक पान तुला दाखवायला हवं होतं, असं फार वाटतं.

तर आधी सरांना आजच कळव, चूक कुठे आहे ते पानासकट. फ्राग्मेनसारखं कुणी विचारण्याआधी तू सांगितलेलं बरं. आणि तो जुना मसुदा फाडू नकोस. वर तारीख घाल, कोणती ओळ ढासळली तिथे पेन्सिलने खूण कर, आणि मला पाठव. बाबांच्या कपाटातला वरचा कप्पा मी रिकामा केला आहे.

तुझी,
आई