डोंगर जाळून वैरण वाढत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिमगा जवळ आला की आमच्या पन्हाळा भागातले डोंगर रात्री पेटलेले दिसतात. ‘जाळल्याबिगर नवं गवत फुटत नाही’ असं जुनी माणसं सांगतात, आणि वळवाच्या चार सरींनंतर हिरवा फुटवा दिसतोही. पण तो राखेची कमाई नव्हे. आदल्या पावसाळ्यात बुडख्यानं आणि मुळांनी साठवलेल्या शिदोरीवर तो येतो.

गेल्या महिन्यात बांधालगत चर मारताना पवना या चाऱ्याच्या गवताचा एक ठोंब मातीसकट वर आला. वर वीतभर वाळकी पात, खाली तंतुमुळांचं दाट जाळं. दगडावर आपटला तरी माती सुटेना. सड्यावरची (डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावरची) एवढीशी माती मुसळधार पावसात टिकते ती या जाळ्यामुळं. कासारी, कुंभी, भोगावतीला पाणी देणारे डोंगर हेच आहेत.

गवताचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून शेंडा खाल्ला तरी पात खालून वाढत राहते. गाय-म्हैस जिभेचा विळखा घालून गवत ओढते, बुडखा मागं राहतो. बकरी (आमच्याकडं मेंढरांनाही बकरीच म्हणतात) पार मातीलगत कुरतडतात. निम्म्याहून जास्त पाला गेला की मुळांची वाढ काही दिवस थांबते. धनगर एका माळावर फार मुक्काम करत नाहीत, त्यात मोठं शहाणपण आहे. वणवा मात्र माळाला उसंत देत नाही. दरवर्षी जाळलेल्या माळावर आग सोसणारी कुसळी माजते आणि पवन्यासारखं चाऱ्याचं गवत मागं पडतं. कुसळं धरल्यावर तिला कोण तोंड लावणार? ती लोकरीतून मेंढरांच्या कातड्यात शिरतात.

राधानगरीचं अभयारण्य १९५८ साली झालं ते गव्यांसाठी. गवाही गाई-म्हशीसारखा चार कप्प्यांच्या पोटाचा, रवंथ करणारा. वाळलेलं गवतही त्याला पचतं. उन्हाळ्यात तो उसात शिरला की आपण वनखात्याच्या नावानं ओरडतो, पण डोंगरावरची त्याची वैरण आपणच पेटवलेली असते.

ग्रामपंचायतींनी दिवाळीनंतर गवत कापून गंजी घालायला लोकांना उद्युक्त करावं आणि जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) वेळेत काढून घ्याव्यात, ही कळकळीची विनंती. माझ्या दोन एकर पडाला तीन वर्षं आग लागू दिलेली नाही. कुसळीच्या मधूनमधून तिथं पवना परत दिसू लागलाय. ज्यांना पटत नसेल त्यांनी श्रावणात येऊन बघावं.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर