धाकट्या दिरासाठी मागताना

प्रिय शालू,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. दफनभूमीच्या भिंतीच्या हिशेबावरून भांडण होऊन तुझ्या धाकट्या दिरानं चर्चला येणं सोडलं, आणि त्याच्यासाठी रोज प्रार्थनेला बसलीस तरी 'देवा, त्याला परत आण' यापुढे काही सुचत नाही, असं लिहिलंस. मला विचारशील तर ते वाक्यच थोडे दिवस बाजूला ठेव. त्यात दिरापेक्षा मंडळीत गेलेली घराची अब्रू जास्त बोलते. रागावू नकोस, आपल्यात एवढं चालतं.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा २२वा अध्याय काढ. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, असं येशू आपल्या शिष्याला, पेत्राला सांगतो. पेत्र त्याच रात्री 'मी येशूला ओळखत नाही' म्हणून त्याला तीनदा नाकारणार, हेही येशूच लगेच सांगतो. म्हणजे ठाऊक होतं! तरी 'याला पडू देऊ नकोस' असं त्यानं मागितल्याचं तिथे नाही. पडल्यावरही विश्वास उरावा, एवढंच मागणं. शिवाय वळलास की आपल्या भावांना स्थिर कर, म्हणून पुढचं कामही नेमून दिलं. मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यासाठी देवाकडे मागणं, कशी करावी हे मला इथे जितकं कळतं तितकं चर्चमधल्या कुठल्या संदेशातून कळलं नाही. दिरासाठी तू हेच माग. येत्या रविवारी तो बाकावर दिसो न दिसो.

देवाला सगळं ठाऊक असताना सांगायचं कशाला, हा तुझा प्रश्न जुनाच. देव सदोम शहराचा नाश करणार होता, तेव्हा इतके नीतिमान तिथे सापडले तर ते वाचव, म्हणून अब्राहामानं ५० पासून १० पर्यंत घासाघीस केली. देव एकदाही चिडला नाही, उलट दर वेळी आकडा मान्य करत गेला. शहर मात्र वाचलं नाही, तिथे राहणारा त्याचा पुतण्या लोट वाचला. ही गोष्ट मला पूर्ण उलगडत नाही. पण ख्रिस्त स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करायला सदा जिवंत आहे, असं बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या ७व्या अध्यायात आहे. तेव्हा दिरासाठी मागणारी तू पहिली नाहीस. तुझ्या आधीच कुणीतरी बसलेलं आहे.

एक मात्र ऐक. बुधवारच्या प्रार्थनासभेत त्याचं नाव काढू नकोस. तिथे विनंती म्हणून सांगितलेलं बाहेर चपला घालेपर्यंत बातमी होतं. सांगायचंच तर 'एका भावासाठी' म्हण, देवाला आडनाव लागत नाही.

माझी वही विचारलीस. साधी शंभर पानी आहे, ओट्याच्या फळीवर असते, दूध तापेपर्यंत दोन-तीन नावं होतात. नावापुढे मी आजार किंवा पाप लिहीत नाही. 'रात्रपाळी', 'दहावीची फी', 'जेवताना बोलत नाही', असं काहीतरी लिहिते. त्यानं माणूस डोळ्यांपुढे येतो आणि लांबलचक शब्द आपोआप गळतात. 'उत्तर मिळालं'चा रकाना मुद्दाम आखलेला नाही. तो आखला की आपण देवाचा हिशेब तपासायला बसतो. (दूध दोनदा उतू गेलंय, ते सोड.)

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, १९०५च्या जानेवारीत त्यांनी रोजच्या मध्यस्थीला बायका जमवल्या, तेव्हा सत्तरेक जणी होत्या. जूनपर्यंत ५५० झाल्या. आपल्याकडे व्यासपीठावरून त्यानंतरचं संजीवन, म्हणजे तिथे आलेली आत्मिक जागृतीची लाट, तेवढी रंगवून सांगतात. मला मधले महिने मोठे वाटतात. दुष्काळातून आलेल्या कितीतरी मुली त्या आवारात होत्या. प्रार्थना झाली की स्वयंपाक, विणकाम, छापखाना हे होतंच.

म्हणून प्रार्थना करून नुसती बसू नकोस. दिराला एकदा जेवायला बोलाव, त्याच्या आवडीचं कर, आणि चर्चचं नाव तू काढू नकोस. भिंतीच्या हिशेबाचा विषय त्यानंच काढला तर मध्येच 'क्षमा करायला हवी' म्हणू नकोस, पूर्ण बोलू दे. कदाचित हिशेबात त्याचं म्हणणं बरोबरही असेल. मग प्रार्थना चर्चच्या पंचांसाठीही करावी लागेल, तयारी ठेव.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. तिचं नाव तुझ्याकडे लिहून ठेव, आणि पुढे लिही, 'भुलीला घाबरते'. सासूबाईंना सलाम, मुलांना गोड पापे.

तुझीच,
कुंदा