आचारसंहितेवर सही घेऊन भागत नाही

संपादक महोदय,
स. न.

गोव्यातील वेर्णा, कुंडई, बेतोडा येथील औद्योगिक वसाहतींत नवा माणूस रुजू झाला की त्याच्यापुढे आचारसंहितेचा कागद येतो. तो सही करतो, कागद फायलीत जातो. पुढे एखादी खोटी नोंद सापडली की मेमो. तो माणूस त्या क्षणी कसा विचार करत होता, हे कोणी विचारतच नाही. ते कसे विचारावे हे नैतिक विकासाच्या सिद्धांतांतून शिकता येते, म्हणून हे पत्र.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ साली शिकागो विद्यापीठातील प्रबंधासाठी १० ते १६ वयाच्या ७२ मुलांपुढे पेचप्रसंग ठेवले. मुलगा ‘चोरी करावी’ म्हणतो की ‘करू नये’, यापेक्षा तो ‘का’ म्हणतो हे त्यांनी तपासले. त्यातून विचाराच्या तीन पातळ्या आणि सहा पायऱ्या त्यांनी मांडल्या.

औषध कारखान्यातली रात्रपाळी घ्या. पहाटे ३ ची तापमानाची नोंद राहिली, ६ वाजता लक्षात आले. शेजारचा म्हणतो, “भर रे, कोणाक कळटलें?” आता कारणे ऐका. “पकडलो तर नोकरी जाईल,” ही पहिली पायरी. “त्याने माझे झाकले, मी त्याचे झाकतो,” ही दुसरी. “आमच्या लाइनचे नाव जाईल,” ही तिसरी. “नोंद त्याच वेळी करायची असा नियम आहे, प्रत्येकाने मागाहून भरली तर नोंदवहीला अर्थ काय?” ही चौथी. “गोळी घेणाऱ्याला आपल्या आकड्यावर विसंबण्यावाचून इलाज नाही, त्याला फसवायचा आपल्याला अधिकार नाही,” हा त्यापुढचा विचार. बहुतेक प्रौढ माणसे तिसऱ्या-चौथ्या पायरीवरून बोलतात. आणि लाइनचे नाव राखण्यासाठी नोंद खोटी भरताही येते, खरी चूक कळवताही येते. पायरी एकच, निर्णय उलटे.

गोव्यात ही तिसरी पायरी फार बळकट आहे. सुपरवायझर आणि ऑपरेटर अनेकदा एकाच वाड्यावरचे, चवथीला एकमेकांकडे आरतीला जाणारे. त्या आपलेपणाला नावे ठेवू नयेत. ‘चूक त्याच पाळीत सांगतो तो लाइनचे नाव राखतो’ हे त्याच आपलेपणाच्या भाषेत सांगता येते. कंत्राटदाराकडून आलेला परप्रांतीय कामगार मात्र या वर्तुळाबाहेर असतो. एका शब्दावर काम जाण्याची भीती असेल तर तो पहिल्या पायरीवरूनच बोलणार. ते त्याच्या स्वभावाचे माप नव्हे, आपण त्याला दिलेल्या परिस्थितीचे आहे.

प्रत्यक्षात काय करावे? सहा ते आठ जणांचा गट, पंधरवड्यातून एकदा, कामाच्याच वेळेत ३० मिनिटे. पेच आपल्याच खात्यातला, पण कोणाचेही नाव न घेता. कोकणीत किंवा हिंदीत. आधी प्रत्येकाने निर्णय आणि कारण सांगावे. फळ्यावर फक्त कारणे लिहावीत. मग चर्चा चालवणाऱ्याने गटाच्या विचाराच्या एकच पायरी वरचा मुद्दा पुढे करावा. मेमोच्या भीतीने बोलणाऱ्यांना एकदम मानवी हक्क सांगितले तर ते डोक्यावरून जाते. कोलबर्ग यांचे विद्यार्थी मोशे ब्लॅट यांनी वर्गांत अशा चर्चा आठवडेच्या आठवडे घेतल्या, तेव्हा कुठे काही मुलांचा विचार वर सरकला. एका बैठकीत काही होत नाही. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो साहेबांनी आधी मत दिल्याने. त्यानंतर सगळे माना डोलावतात.

घटना घडून गेल्यावर मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी सांगितलेले नैतिक वागण्याचे चार घटक अधिक कामाचे. यात काही चूक आहे हे त्याच्या लक्षात आले होते का? योग्य काय ते ठरवता आले का? इतर सगळ्यापेक्षा त्याने ते वर ठेवले का? शेवटपर्यंत निभावता आले का? आपल्याकडे चौकशी ‘मानवी चूक’ लिहून आणि पुन्हा प्रशिक्षण देऊन बंद होते. पण महिनाअखेरचा बोनस ‘शून्य डेव्हिएशन’वर (ठरलेल्या पद्धतीपासून एकही चूक वा फरक नाही, यावर) बांधला असेल, तर माणसाला सगळे कळत असूनही तो तिसऱ्या प्रश्नावर अडतो. तिथे प्रशिक्षण वाया जाते. डेव्हिएशनची संख्या बोनसपासून तोडावी, त्याच पाळीत स्वतःहून कळवलेल्या चुकीला मेमो देऊ नये. जाणूनबुजून, वारंवार खोटे भरणाऱ्याची गोष्ट वेगळी.

एक धोका कळकळीने सांगावासा वाटतो. ‘हा दुसऱ्या पायरीवरचा’ असा शिक्का वार्षिक मूल्यमापनात कधीही मारू नये. वरच्या पायरीचा विचार करणारा माणूस तसाच वागेल याची हमी नसते. शिवाय कोलबर्ग यांच्या मूळ अभ्यासात मुलगे होते, मुली नव्हत्या. आपुलकी आणि जबाबदारीतून येणारा विचार या मोजपट्टीत कमी भरतो, हा मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांचा १९८२ चा आक्षेप आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. चवथीच्या दिवशी सहकाऱ्याची आई आजारी म्हणून त्याची ड्युटी आपल्या अंगावर घेणारी बाई नियमाचे कलम सांगणाऱ्यापेक्षा खालच्या पायरीवर आहे, असे कोणी मानू नये.

राज्यातील उद्योग संघटनांनी सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात अशी चर्चा चालवण्याचा सराव ठेवावा, आणि सुरुवात कंत्राटी कामगारांच्या पाळ्यांपासून करावी, ही विनंती.

— कारखान्यांत प्रशिक्षणाचे काम करणारे काही वाचक, मडगाव