ठेव, शेअर आणि नळाला येणारे पाणी

बाणेर, पुणे
रविवार, रात्री

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

एकाच शहरात राहून पत्र लिहिते आहे, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण मागच्या रविवारी जेवताना आपले बोलणे जिथे तुटले, तिथून ते फोनवर पुढे जाईल असे मला वाटत नाही. फोनवर बाबा "असू दे" म्हणतात, आई कुकरकडे जाते आणि विषय तिथेच राहतो. आईच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या खात्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. त्या पैशांचे काय करायचे हे तोवर ठरवावेच लागेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबा, तुमचे म्हणणे मला समजले ते असे : सरकारी योजनेत पैसा बुडत नाही, कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत व्याज जास्त मिळते आणि तिचे संचालक ओळखीचे आहेत, आणि शेअर हा सट्टा आहे. शेवटचे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कुमठेकर रस्त्यावरून जाताना पुणे शेअर बाजाराकडे बोट दाखवून "इथे घरे बुडतात" असे तुम्ही मला सांगितले होते. १९८२ साली स्थापन झालेला तो बाजार २०१५ मध्ये बंद झाला. आता बाजार प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि तुमची भीती त्यामुळे कमी न होता वाढलीच आहे.

ती भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तुम्ही जपून ठेवलेले कात्रण खरे आहे : शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी'ने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, वायद्यांच्या, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांच्या, व्यवहारात उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णव जणांनी तीन वर्षांत पैसे गमावले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. माझ्या कार्यालयातली मुले दुपारच्या डब्याच्या वेळी जे करतात ते पाहिले, तर तुम्ही त्याला सट्टाच म्हणाल आणि मी तुम्हाला अडवणार नाही. ज्या कंपनीचा शेअर ते सकाळी घेतात, ती साबण बनवते की पंप, हेही त्यांना सांगता येत नाही. मात्र वायदे करणे आणि एखाद्या धंद्यात वर्षानुवर्षे भागीदार राहणे या दोन गोष्टींना आपण घरात एकच शब्द वापरतो, आणि माझी तक्रार त्या शब्दाबद्दल आहे.

कारण तुमचा पैसा कंपन्यांच्या शेअरमध्ये आजवर गेलाच नाही, असे नाही. बाबा, तुम्ही तीस वर्षे आयुर्विमा महामंडळाचे हप्ते भरले. हे महामंडळ देशातल्या संस्थांपैकी शेअर बाजारातला सर्वांत मोठा गुंतवणूकदार आहे, म्हणजे तुमच्या हप्त्यांतून त्याने तुमच्या वतीने शेअर घेतले, आणि तुम्ही निश्चिंत राहिलात. तसेच पोस्टातल्या पैशांचे. अल्पबचतीत जमणारी रक्कम १९९९ पासून राष्ट्रीय अल्पबचत निधीत जाते आणि तिथून प्रामुख्याने सरकारला कर्जरूपाने मिळते. आईने आपल्या पैशांतून सरकारला पाच वर्षांसाठी कर्ज दिले होते, आणि तरी आपण घरी "पोस्टात ठेवले" एवढेच म्हणत आलो.

त्याने काय बिघडले, असे आई विचारील. व्याज वेळेवर येते आहे तोवर काहीच बिघडत नाही. पण 'ठेवले' हा शब्द कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखा आहे; ती वस्तू कुणी वापरत असेल, अशी शंकाही त्यातून येत नाही. गुजरात सरकारच्या सरदार सरोवर निगमाने १९९३ साली विकलेल्या रोख्यांचे, म्हणजे लोकांकडून घेतलेल्या कर्जाच्या कागदांचे, उदाहरण मला इथे नेहमी आठवते. ३,६०० रुपयांचा रोखा वीस वर्षांनी १,११,००० रुपये देणार होता, आणि लोकांनी तो मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी घेतला. पुढे व्याजाचे दर उतरले, ते देणे निगमाला जड झाले, आणि गुजरात विधानसभेने २००८ साली कायदा करून हे रोखे मुदतीआधीच, ५०,००० रुपयांना परत घेण्याची वाट मोकळी केली. पैसा बुडाला असे कुणाला म्हणता येणार नाही. पण ज्याने वचन दिले होते त्याच्याच हाती ते बदलण्याचा अधिकारही होता, आणि रोखे घेताना हा प्रश्न बहुतेकांच्या मनात आलाही नसेल. सरकारी पैसा बुडत नाही, हे तुमचे वाक्य मला मान्य आहे. सरकारी म्हटले की विचारायचे नाही, ही त्याला जोडून आलेली सवय मला मान्य नाही.

पतसंस्थेबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात घोळण्यासारखे काही नाही. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा २०२० साली एक लाखावरून वाढवली गेली. पतसंस्था ही बँक नव्हे, त्यामुळे तिच्यातल्या ठेवीला हे संरक्षण नाही. संचालक गणपतीत आपल्याकडे आरतीला येतात, हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

आता पाण्याकडे वळते, कारण मला खरे बोलायचे होते ते याबद्दलच. सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या मीटरविरुद्ध काढलेल्या पत्रकावर बाबा, तुम्ही पहिली सही केलीत, हे आईने मला सांगितले. चोवीस तास समान पाणीपुरवठ्याच्या ज्या योजनेतले हे मीटर आहेत, तिच्यासाठी पुणे महापालिकेने २०१७ च्या जूनमध्ये कर्जरोखे काढले. रक्कम २०० कोटी, व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षे. पुढे टप्प्याटप्प्याने २,२६४ कोटी रुपये असे उभे करण्याचा विचार होता. मागणी विक्रीच्या कितीतरी पट आली आणि मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. त्यानंतर योजनेच्या निविदा रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या, आणि काम सुरू होण्याआधीच व्याज सुरू झाले. तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र आपटून "कर्ज काढून बसले" असे म्हणाला होतात, ते मला आठवते. राग योग्यच होता. पण तो राग शेजाऱ्याच्या उधळपट्टीवर काढावा तसा होता. पैसा आपला आहे, असा त्याचा सूर नव्हता.

वास्तविक तो आपलाच होता. या रोख्यांच्या परतफेडीला आधार मिळकतकराच्या वसुलीचा आहे, म्हणजे तुम्ही भरता त्या कराचा. (घरमालक स्वतः राहत असल्याची चाळीस टक्के सवलत मिळावी म्हणून पीटी-३ अर्ज भरायला तुम्ही मला दोनदा पाठवले होते, सवलत आपण सोडत नाही आणि पाणी चोवीस तास मागतो, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.) फेडणारे आपण असलो, तरी ते रोखे घेण्याची सोय मात्र तुम्हा-आम्हाला नव्हती, ते मोठ्या संस्थांना खासगीरीत्या विकले गेले. याउलट इंदूर महापालिकेने २०२३ साली नर्मदेचे पाणी उपसण्यासाठी लागणाऱ्या विजेचा सौर प्रकल्प उभारायला २४४ कोटींचे हरित रोखे सामान्य लोकांसाठीही खुले केले, आणि त्यांवर ८.२५ टक्के व्याज दिले. तिथला एखादा निवृत्त शिक्षक आपल्या नळाच्या पाण्यामागच्या विजेत पैसे गुंतवू शकला. पुण्यात अशी सोय असती, तर तुम्ही मीटरच्या पत्रकावर सही केली असती का, हे मी खरोखर विचारते आहे. कदाचित केलीही असती. पण त्याआधी टाक्या किती बांधून झाल्या आणि गळती किती कमी झाली, हे आकडे तुम्ही मागितले असते.

हे आपल्याकडे नवे आहे असेही नाही. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. एक पैसा देणाऱ्याला परतावा मिळणार नव्हता, तरी तो कारखाना आपला आहे असे त्याला वाटत होते. आज आपण पीएमपीला, म्हणजे आपल्या शहर बससेवेला, दररोज शिव्या देतो. ती कायद्याने कंपनी आहे, तिचे साठ टक्के भांडवल पुणे महापालिकेचे आणि चाळीस टक्के पिंपरी-चिंचवडचे आहे, आणि तिची तूट या दोन्ही महापालिका आपल्या करांतूनच भरतात, हे बसथांब्यावर उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल? कंपनीकडून आपण नफा मागतो, बसकडून दहा मिनिटांत गाडी मागतो, आणि दोन्हीकडे तक्रारीचा अर्ज तेवढा आपल्या नावाने असतो. यात माझी पिढी तुमच्याहून शहाणी नाही. माझ्याकडे ज्या चार कंपन्यांचे शेअर आहेत, त्यांच्या वार्षिक सभेची सूचना मला ईमेलवर येते आणि मी ती न वाचता पुसून टाकते. मतदानाचा हक्क एकदाही वापरलेला नाही.

म्हणून माझा प्रस्ताव मोठा नाही. आई, तुझ्या रकमेचा मोठा भाग त्याच योजनेत पुन्हा ठेव. एका व्यक्तीला तिथे आता ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि तुमच्या वयाला त्याहून बरे मला काही सुचत नाही. बाबा, पतसंस्थेत नवी रक्कम घालू नका, आणि जी आहे तिची मुदत संपली की काढून घ्या. ओळखीच्या माणसांना कारण सांगायचे असेल तर माझे नाव पुढे करा. उरलेला दहावा भाग एखाद्या निर्देशांकाच्या फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर थोडे थोडे घेणाऱ्या फंडात, घालावा असे मला वाटते, पण तुमच्या मनाविरुद्ध नको. तो भाग बँकेतच राहिला तरी मी पुन्हा विषय काढणार नाही.

मी शनिवारी दुपारी येते आहे. तोवर पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, तुम्ही रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवला आहे तो, काढून ठेवा. थकबाकीचे पान आपण एकत्र वाचू. मीही माझ्या चार कंपन्यांचे अहवाल छापून आणते, म्हणजे बाबांना प्रश्न विचारायला मी समोर असेन. आणि सोसायटीच्या मीटरवर या महिन्यात किती आकडा आला आहे, तेवढे वॉचमनकाकांना विचारून लिहून ठेवा.

तुमची,
धाकटी