विद्यार्थी प्रकल्प : सादरीकरणापूर्वीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार,

नाटक, नृत्य आणि लघुपट गटांची कामं शेवटच्या टप्प्यात आली आहेत, म्हणून ही आठवण.

आधी आवाजाबद्दल, कारण चांगले लघुपटही इथेच मार खातात. कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबू नका. माइक बोलणाऱ्याच्या जितका जवळ, तितका संवाद स्वच्छ. प्रत्येक जागेवरून निघण्याआधी सगळ्यांनी गप्प उभं राहून निदान 30 सेकंद तिथली नुसती शांतता रेकॉर्ड करा. संकलनात दोन संवादांमधली फट तीच बुजवते, आणि दुसऱ्या जागेची शांतता तिथे जुळत नाही. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची, 24 की 25, हे पहिल्या शॉटआधीच ठरवा.

चित्रीकरणाच्या दोन प्रती तपासून झाल्याशिवाय मेमरी कार्ड पुसू नये.

संगीताबाबत : श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. गाण्याची रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात; दोन्हींची लेखी परवानगी लागते. शक्यतो आपल्यातल्याच वादकांकडून नवं संगीत करून घ्या. मला तर तेच जास्त भावतं. संहिता दुसऱ्याची असेल, तर लेखकाला आधी विचारा.

रंगमंचावरच्या गटांनी तांत्रिक तालीम वेगळी ठेवावी. त्या दिवशी अभिनय बाजूला. फक्त प्रकाश, ध्वनी आणि अंधारातले प्रवेशबदल.

श्रेयनामावलीत पडदा ओढणाऱ्याचंही नाव हवंच.

प्रकल्पाचं नाव, कालावधी आणि तांत्रिक गरजा पुढच्या बैठकीपूर्वी माझ्याकडे द्याव्यात.

– समन्वयक