एंट्रॉपी मोजू नकोस, ऊर्जा मोज

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे आकडे पाहिले. ३२×३२च्या आयसिंग जाळीची (चुंबकाचा साधा नमुना: प्रत्येक स्पिन वर किंवा खाली, शेजाऱ्यांशी जुळू पाहणारा) एंट्रॉपी, म्हणजे किती स्थिती शक्य आहेत याचं लॉगमधलं माप, तू कोणती स्थिती किती वेळा आली याचा हिस्टोग्राम मांडून काढतोयस, आणि तापमान कितीही वाढवलं तरी ती १४च्या वर जात नाही. जाणारच नाही! दहा लाख नमुन्यांचा हिस्टोग्राम फार तर १० लाखांचा नैसर्गिक लॉग, म्हणजे १३.८ दाखवेल. अनंत तापमानाला खरं उत्तर १०२४ स्पिन गुणिले ०.६९३ (२चा नैसर्गिक लॉग), म्हणजे ७१० आहे. तिथे प्रत्येक स्थिती तुला एकदाच भेटते, मग मोजणार काय?

ऊर्जेची सरासरी मात्र थोड्या नमुन्यांतही नीट मिळते. बीटा म्हणजे एक भागिले तापमान. जे (शेजारी स्पिनमधल्या जोडणीची ताकद) आणि के (बोल्ट्झमनचा स्थिरांक) दोन्ही १ धर. मग दर स्पिनमागे एंट्रॉपी = ०.६९३ + बीटा × ऊर्जा − शून्यापासून बीटापर्यंत ऊर्जेचं इंटिग्रल. विशिष्ट उष्म्यावरूनही ती काढतात, पण तो ऊर्जेच्या चढउतारांतून येतो, गोंगाट फार. त्या वाटेला जाऊ नकोस.

बीटा शून्यापासून १पर्यंत ०.०१च्या पायऱ्यांनी ने, ०.४० ते ०.४८मध्ये पायरी ०.००२ ठेव, कारण संक्रमण, म्हणजे बहुतेक स्पिन एका दिशेला वळू लागण्याचा बिंदू, ०.४४०७ला आहे. आधीच्या बीटाची शेवटची स्थिती पुढच्याची सुरुवात म्हणून वापर. दर वेळी नव्याने यादृच्छिक स्थितीतून थंड केलंस, तर जाळी कधीकधी पट्ट्यांत अडकते: ऊर्जा −२ऐवजी −१.८७५वर थिजते आणि एंट्रॉपी शून्याकडे उतरतच नाही.

संक्रमणाजवळ एकेक स्पिन उलटवून बघणारी मेट्रोपोलिस पद्धत रडवते. जाळीची बाजू दुप्पट केली की जुन्या स्थितीची आठवण साधारण साडेचारपट लांबते, त्यामुळे तुझे एरर बार खोटेच लहान दिसतात. तेवढ्या पट्ट्यात वुल्फची १९८९ची क्लस्टर पद्धत लाव, ती सारख्या स्पिनचा जोडलेला गटच एकदम उलटवते. संक्रमणबिंदूवर सारख्या शेजाऱ्याला जोडण्याची संभाव्यता ०.५८६ येते. ताळा बघायला ऑन्सागरचं १९४४चं अचूक उत्तर आहेच: अनंत जाळीसाठी तिथे ऊर्जा −१.४१४, एंट्रॉपी ०.३०६. तुझ्या लहान जाळीत थोडा फरक पडेल. बीटा १ला एंट्रॉपी ०.००३च्या आसपास हवी.

हे जमलं की त्रिकोणी जाळीवरचा अँटीफेरोमॅग्नेट घे, म्हणजे ज्यात शेजारी एकमेकांच्या उलट राहू पाहतात तो. तिथे वुल्फ फारसा कामाला येत नाही, साधा मेट्रोपोलिसच चालव. आणि बीटा कितीही वाढवलास तरी एंट्रॉपी ०.३२३च्या खाली जाणार नाही. प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसू नकोस: त्रिकोणातले तिन्ही शेजारी एकमेकांच्या उलट राहूच शकत नाहीत, म्हणून किमान ऊर्जेच्या स्थितीच असंख्य उरतात. वॅनियरने १९५०मध्ये हे गणित सोडवलं, पण आकडा चुकून ०.३३८ दिला; तो १९७३मध्ये ०.३२३ असा दुरुस्त झाला.

नवे आलेख पाठव.

तुझा,
विनय