माघीच्या आधी पोचलेलं डुकराचं पिल्लू

मुक्त कमलरी विकास मंचाच्या दिदींनो,

पत्र मराठीत आहे. लिपी आपली एकच, तेव्हा अक्षरं तरी तुम्हाला लागतील. आभार तुमचे मानायचे आहेत, पण ते आमच्या इथल्या चार लोकांच्याही कानावर पडावेत, म्हणून जाहीर लिहितोय.

आधी इथल्या वाचकांसाठी थोडं. हा मंच नेपाळमधल्या, सुटून आलेल्या कमलरी मुलींचा. कमलरी म्हणजे थारू या तिथल्या आदिवासी समाजातल्या घरातली मुलगी, अगदी सहा-सात वर्षांची असल्यापासून वर्षाच्या बोलीवर परक्याच्या घरी कामाला धाडलेली. नेपाळच्या पश्चिम तराईत दांग, बाँके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर या पाच जिल्ह्यांत ही रीत होती. बोली ठरायची माघीला. माघी म्हणजे आपली मकर संक्रांतच. थारूंचं नवं वर्ष त्या दिवशी लागतं. तांदळाच्या पिठाची ढिक्री वाफवतात, डुक्कर कापतात, जाँड म्हणजे घरी गाळलेली तांदळाची दारू निघते, आणि त्याच दिवसांत बसून पुढच्या वर्षाचं सगळं ठरवतात: घराचा कारभार कुणाकडे, जमीन कुणाची करायची, कुणी कुठे कामाला जायचं. खोजनी-बोझनी म्हणतात त्याला. त्या यादीत मुलगीही असायची. बापाच्या हातावर वर्षाचे चार-पाच हजार नेपाळी रुपये पडायचे आणि ‘शाळेत घालू’ असा शब्द मिळायचा. पैसे तरी येत, शाळा बहुतेकींना दिसलीच नाही.

ऊसतोडीची उचल ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना यात समजावण्यासारखं काही नाही. मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, नवरा-बायकोच्या कोयत्यावर उचल देतो. दसरा-दिवाळीला टोळी निघते. पोरं सामानासारखी गाडीत चढतात. तिकडे अशा कर्जाला सौकी म्हणत. फरक एवढाच की तिकडे पोर एकटीच जायची.

आता ज्यांनी आधी करायला हवं होतं त्यांच्याविषयी. 17 जुलै 2000 रोजी नेपाळ सरकारने कमैया प्रथा संपल्याचं जाहीर केलं. कमैया म्हणजे सौकीपोटी मालकाकडे राबणारा गडी. सौकी माफ झाली, चांगलंच झालं. पण महिना जुलैचा. ऐन पावसात जमीनदारांनी कुटुंबंच्या कुटुंबं वस्तीवरून काढली आणि त्यांना ठेवायचं कुठे याची कुणी तयारीच केलेली नव्हती. मग रंगीत कार्डं आली. घर नाही, जमीन नाही, त्याला लाल. नोंद नसलेल्या जागेवर झोपडी आहे, त्याला निळं. स्वतःची दोन कठ्ठ्यांपर्यंत जमीन, त्याला पिवळं. त्याहून जास्त, पांढरं. जमीन मिळायची ती मुख्यतः लाल-निळ्यांना आणि तीही जास्तीत जास्त पाच कठ्ठे, म्हणजे आपल्या मापात सतरा गुंठेसुद्धा भरत नाहीत. दोन कठ्ठेवाला पिवळा गडी मधल्यामध्ये लटकला. मिळालेल्या जमिनीतही कितीतरी तुकडे नदीकाठचे, रेताड, पुराला तोंड देत पडलेले.

सतरा गुंठ्यांत सहा तोंडांचं घर बारा महिने जेवत नाही. मग अधियावर, म्हणजे अर्धेलीने, जमीन मागायला पाय पुन्हा जुन्याच वाड्याकडे वळले. मालकाने अट घातली: जमीन करायला देतो, पोरगी घरकामाला पाठव. गडी सुटला आणि त्याच्या सुटकेचं भाडं मुलीने भरलं. फर्मानात तिचा पत्ताच नव्हता. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमलरी बेकायदा ठरवली, तरी पुढची कित्येक वर्षं मुली जातच राहिल्या, आणि सगळ्या काही जमीनदारांच्या वाड्यात जात नव्हत्या. मास्तर, वकील, साहेबलोक, काठमांडूतली नोकरदार बिऱ्हाडं. बालहक्कांच्या परिसंवादाला निघालेल्या माणसाचा चहा घरात कोण ठेवतंय, हे परिसंवादात कुणी विचारत नाही. (हे फक्त काठमांडूबद्दल नाही.)

या काळात भल्या लोकांचं औषध एकच होतं, जागृती. भिंतीवर रंगवा, बापाला सांगा की मुलगी विकू नये. जसं काही त्याला ते माहीत नव्हतं! तराईतल्या त्या बापाचा हिशेब कच्चा नव्हता. घरातलं एक तोंड कमी होणार, अधियाची जमीन टिकणार, वर चार-पाच हजार. या बेरजेला उत्तर बेरजेनेच द्यावं लागतं, हे फार थोड्यांना सुचलं.

2000 साली दांगमध्ये नेपाल युथ फाउंडेशन या संस्थेने आणि तिथल्या स्थानिक साथीदारांनी ते उत्तर दिलं. मुलगी घरी ठेव, शाळेचा खर्च आम्ही करतो, आणि तिच्या कमाईच्या जागी हे घे: डुकराचं एक पिल्लू. नको असेल तर बकरी. वर्षभर वाढव आणि वीक. मुलगी पाठवून जेवढे मिळत होते तेवढे हातात येतील. पहिल्या वर्षी अशा 37 मुली घरी राहिल्या.

दिदींनो, ही युक्ती मुळात तुमची नाही, हे ठाऊक आहे. ज्या मुलींच्या बदल्यात ती पिल्लं आली त्या तुम्ही. पण आमच्या मनात घर करून बसलंय ते हे पिल्लूच, म्हणून त्यावर जरा थांबतो.

रोख का नाही दिली? गरिबाच्या घरात एकरकमी पैसा दोन दिवस टिकत नाही. किराणा उधारी, औषधपाणी, सावकार, आणि मग माघी अजून अकरा महिने लांब. पिल्लू मात्र रोज थोडं थोडं मोठं होतं आणि मधेच मोडून खाता येत नाही. त्याला शेत लागत नाही. उकडलेला कोंडा, भाजीचे देठ, जाँडाचा चोथा, घरातलं उष्टंखरकटं यावर ते वाढतं. थारू घरात डुक्कर पाळणं परंपरेचंच, त्यामुळे ‘प्रशिक्षण शिबिर’ नावाचा प्रकार लागला नाही. आणि खरी गंमत तारखेत आहे. डुकराला वर्षातला सगळ्यात चांगला भाव माघीलाच मिळतो, कारण त्या दिवशी घरोघर डुकराचं मटण लागतं. म्हणजे दलाल ज्या दिवशी नोटा मोजायला बसणार, नेमका त्याच दिवशी बापाच्या खिशात स्वतःचा पैसा. ही जुळणी कागदावरच्या योजनांमध्ये शोधूनही सापडत नाही.

बिघडायला जागा होत्याच. माघ म्हणजे तराईत धुक्याचा आणि शीतलहरीचा महिना, आणि दूध सुटलेल्या पिल्लाला अंगात ऊब धरता येत नाही. खाली कोरडा पेंढा, वाऱ्याच्या बाजूला पोत्याचा आडोसा, एवढं नसेल तर ते आठवड्यात जातं. जंताचं औषध चुकलं तर खातं पण वाढत नाही. डुकरांचा ताप वस्तीत शिरला की एका घरातून सगळ्या घरांत जातो; लस आधी टोचलेली हवी, मागाहून उपयोग नाही. बकरीचं वेगळंच: ती शेजाऱ्याच्या मसुरीत शिरते आणि भांडण घरी आणते. दुसरा धोका जरा अदृश्य आहे. पिल्लाचं चारापाणी शेवटी घरी राहिलेल्या मुलीवरच पडायचं आणि शाळा बुडायची. म्हणून बोलणं नुसतं बापाशी करून भागत नाही, आई बैठकीत हवी. आणि जिथे अधियाची जमीनच मुलीवर टांगलेली होती तिथे एकटं पिल्लू काय करणार? तिथे मालकाशीच भिडावं लागतं.

पिल्लाबरोबर त्या घरांत दिवा आणि दर महिन्याला रॉकेलही जायचं, मुलीला रात्री अभ्यास करता यावा म्हणून. पिल्लाची गोष्ट जगभर गेली, फोटोही छान येतो. रॉकेलाचं नाव कुणी घेत नाही. पण हिशेब करून बघा: मुलगी दिवसा शाळेत, संध्याकाळी चूल, धाकटी भावंडं, पिल्लाचा कोंडा. तिच्या वाट्याला उरते ती रात्र, आणि रात्री दिवा जाळणं ही त्या घरात चैन. रॉकेल घरच्या बाटलीतून घ्यायचं म्हटलं तर पहिल्याच आठवड्यात आई म्हणणार, विझव आता. तिच्या नावाचं रॉकेल वेगळं आलं म्हणजे ते वाक्य म्हणायचं कारणच उरत नाही. ज्याने कुणी ही गोष्ट यादीत लिहिली त्याने अशा घरात रात्री बसून पाहिलेलं असणार. आमचे सगळ्यात जास्त आभार या रॉकेलाचे आहेत.

पुढचं तुमचंच. सुटून आलेल्या मुली घरी बसल्या नाहीत. माघीच्या तोंडावर वस्त्यांतून फेऱ्या, पथनाट्यं, गाणी, बसथांब्यांवर पाळत, आणि मालकांच्या दारात जाऊन ‘आमची बहीण द्या’ म्हणणं. ज्या दारातून आपण सुटलो तसल्याच दुसऱ्या दारावर थाप मारायला जाणं सोपं नसतं, आणि ते काम बाहेरून आलेल्या सुशिक्षित कार्यकर्त्याला जमतही नाही. तो कायदा सांगतो. तुम्ही विचारता, ती कुठे झोपते, काय जेवते, शेवटची घरी कधी गेली. मालकाला कायद्याचं उत्तर तोंडपाठ असतं, या तीन प्रश्नांचं नसतं.

2013 मध्ये कामावर ठेवलेली बारा वर्षांची एक मुलगी भाजून मेली, तेव्हा काठमांडूच्या रस्त्यावर तुम्ही उतरलात आणि लाठ्या खाल्ल्यात. त्या जूनमध्ये सरकारला कमलरी प्रथा संपल्याचं वेगळ्याने जाहीर करावं लागलं. तेरा वर्षांपूर्वीच्या फर्मानातून गळलेला शब्द तुम्ही स्वतः जाऊन लिहवून घेतलात.

शाळेच्या बाबतीतही तुमच्याकडून घेण्यासारखं आहे. तेरा वर्षांच्या, अक्षरओळख नसलेल्या मुलीला पहिलीच्या बाकावर सहा वर्षांच्या पोरांत बसवलं की ती महिन्याभरात शाळा सोडते, हुशार असली तरी. आधी काही महिने वेगळा वर्ग, मग वयाजवळची इयत्ता. ज्यांचं शाळेचं वय निघून गेलं त्यांना शिवणयंत्र हातात देऊन मोकळं होणं ही आमच्याकडच्या संस्थांचीही लाडकी पळवाट. एका बाजारपेठेत तीस जणी ब्लाउज शिवायला लागल्यावर शिवून घेणार कोण? त्यापेक्षा तुमच्या सहकारी संस्था बऱ्या. बचत स्वतःची, कर्ज स्वतःचं, आणि कुणाला शेळी, कुणाला दुकान, कुणाला भाजीचा मळा, हे ठरवणाऱ्याही स्वतःच. थारू बाईला दारात सौकी देणारा एकच माणूस उभा असायचा, आता दुसरं दार आहे.

आमच्याकडे उसाच्या पट्ट्यात हंगामी वसतिगृहं आहेत: आईबाप फडावर गेले तरी मुलं गावात राहून शिकावीत म्हणून. कल्पना चांगली. पण मंजुरी, अनुदान, किराण्याचा आदेश हे सगळं होईस्तोवर टोळी कारखान्यावर पोचलेली असते आणि पोरं खोपीत. उचल वाटली जाते पावसाळ्यात, आणि आमची योजना जागी होते दिवाळीनंतर. तुमच्याकडची माघी वाचल्यापासून आम्ही कामाचं कॅलेंडर उलटं मांडायला घेतलंय. मुकादम वस्तीवर येतो त्या आठवड्यापासून मागे मोजत जायचं, आईला बैठकीत बसवायचं, आणि घरी राहणाऱ्या आजीच्या हातात काय द्यायचं ते आधी ठरवायचं. डुक्कर इथल्या सगळ्या वस्त्यांत चालणार नाही, शेळी चालेल. आजीला दोन शेळ्या झेपतात, तिसरी नाही.

दिव्याचा खर्चही यादीत धरलाय. लोडशेडिंग आहेच.

तुमचे,
उसाच्या फडावरच्या मुलांसोबत काम करणारे काहीजण